थ्री फॉर्क्स भूपत्रक आणि सपाटीवरील चार रेषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटॅना राज्याच्या नैर्ऋत्य भागात गॅलटिन नदीचे खोरे आहे. पूर्वेस ब्रिजर पर्वतरांग, दक्षिणेस गॅलटिन व मॅडिसन या रांगा आणि उत्तरेस हॉर्सशू टेकड्या अशा कोंदणात हे विस्तीर्ण सपाट मैदान बसलेले आहे. त्याच्या पूर्वेकडील कडेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८०० फूट उंचीवर, बोझमन हे नगर वसलेले आहे. आरंभी शेतीचे बाजारगाव आणि नंतर राज्याच्या कृषिमहाविद्यालयाचे स्थान असा या नगराचा लौकिक. ज्या जुन्या स्थलदर्शक नकाशावर ते प्रथम समोच्चरेषांसह पद्धतशीरपणे रेखाटले गेले, तो ‘थ्री फॉर्क्स’ या नावाने ओळखला जातो. त्याची मोजणी १८८० च्या दशकातील असून १८९६ साली अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक नकाशासंग्रहात चोविसावा खंड म्हणून तो भूवैज्ञानिक विवेचनासह प्रसिद्ध झाला. आज असे नकाशे भिंतीवर लावण्याची शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. प्रस्तुत लेखात मात्र त्यांचा विचार पुरावा म्हणून करावयाचा आहे. विशेषतः, नकाशात जेथे सर्वांत कमी रेखाटन आहे तेथेच शेतीच्या अभ्यासकास सर्वांत अधिक मिळते, हे दाखविण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम या पत्रकाचे माप पाहू. उत्तर अक्षांश ४५° ते ४६° आणि पश्चिम रेखांश १११° ते ११२° या मर्यादांतील सुमारे ३,३५० चौरस मैलांचा मुलूख त्यात आहे. प्रमाण १ : २,५०,०००, म्हणजे नकाशावरील एका इंचास भूमीवरील जवळजवळ चार मैल. आपल्याकडील विद्यार्थ्यांस भारतीय सर्वेक्षण खात्याची पाव इंची अंशपत्रके परिचित आहेत. त्यांचे प्रमाण १ : २,५३,४४० असल्यामुळे दोन्ही पत्रके जवळपास एकाच कुळातली म्हणता येतील. फरक आकारात दिसतो. पुणे ज्यात येते ते ४७ एफ हे अंशपत्रक जवळजवळ चौरस आहे, तर पंचेचाळिसाव्या अक्षांशाच्या पलीकडे रेखावृत्ते जवळ आल्यामुळे थ्री फॉर्क्स पत्रक साडेसतरा इंच उंच आणि जेमतेम सव्वाबारा इंच रुंद असे अरुंद झालेले आहे. समोच्चरेषांमधील अंतर २०० फूट. भूरूपे तपकिरी, पाणी निळे, आणि माणसाने केलेले सारे काळे, या तीन रंगांसाठी तीन ताम्रपट कोरले जात.

हा नकाशा कसा तयार झाला हे लक्षात घेतल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८७९ सालची. १८८१ ते १८९४ या काळात तिचे संचालक असलेल्या जॉन वेस्ली पॉवेल यांनी संपूर्ण देशाच्या स्थलदर्शक मोजणीचा आग्रह धरला आणि पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या मुलखासाठी हे लहान प्रमाण पत्करले. काही निवडक बिंदूंची स्थाने व उंची कोनमापनाने ठरवीत आणि मधली सर्व भूमी मोजणीदार शिखरावर उभा राहून फलकावर नजरेने उतरवीत असे. समोच्चरेषा ही त्या काळी मोजलेली कमी आणि रेखाटलेली अधिक असे. अमेरिकेत नकाशांच्या अचूकतेचे जे राष्ट्रीय निकष पुढे १९४७ साली स्थिर झाले, त्यांनुसार अशा प्रमाणावर नव्वद टक्के बिंदू आपल्या खऱ्या स्थानापासून एक पन्नासांश इंचाच्या आत असावे लागतात आणि उंचीतील चूक रेषांतराच्या निम्म्याहून अधिक असू नये. हा निकष या पत्रकास लावला तरी भूमीवर सुमारे ४१७ फूट आडवी व १०० फूट उभी चूक क्षम्य ठरते. १८८० च्या दशकातील कामास तोही निकष बांधील नव्हता. तेव्हा या नकाशावरून एखाद्या शेताची उंची काढू पाहणे व्यर्थ होय. उतारांची परस्पर तुलना मात्र त्यावरून निर्धास्तपणे करता येते.

पत्रक उलगडताच दृष्टी खिळते ती पर्वतांवर. मॅडिसन रांगेतील गॅलटिन शिखर ११,०१५ फूट उंच आहे. दोन मैलांत तीन हजार फूट चढणाऱ्या उतारावर पंधरा रेषा अर्ध्या इंचात दाटतात आणि तेथे कागद तपकिरी होऊन जातो. गॅलटिन नदीची घळई या दाटीतून वर सरकत खोऱ्याच्या तोंडाशी येते, आणि तिथे चित्र एकदम पालटते. रेषा विरळ होतात, कागद पांढरा पडतो. बोझमनपासून वायव्येस मिसूरीच्या उगमसंगमापर्यंत सुमारे अठ्ठावीस मैलांच्या मैदानात केवळ चारच समोच्चरेषा आडव्या येतात : ४,८००, ४,६००, ४,४०० व ४,२०० फुटांच्या. पहिली बोझमन नगराच्या आसपास, शेवटची मॅनहॅटनच्या खालच्या अंगास.

वाचक सामान्यतः या पांढऱ्या भागास ‘सपाट’ म्हणून मोकळा होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही ‘मैदानी प्रदेश, उतार नगण्य’ एवढ्यावर काम भागविले जाते. उतार खरोखर नगण्य आहे काय, हे थोड्या अंकगणिताने तपासून पाहावे. बोझमन सुमारे ४,८०० फुटांवर, बेलग्रेड सुमारे ४,४५० फुटांवर आणि मॅनहॅटन सुमारे ४,२५० फुटांवर आहे. बोझमन ते बेलग्रेड आणि बेलग्रेड ते मॅनहॅटन ही दोन्ही अंतरे सरळ रेषेत जवळपास सारखीच, प्रत्येकी सुमारे साडेनऊ मैल, भरतात. पहिल्या टप्प्यात भूमी ३५० फूट उतरते, दुसऱ्यात २०० फूट. म्हणजे वरच्या भागात मैलाला सुमारे ३७ फूट आणि खालच्या भागात सुमारे २१ फूट. नकाशावर याचाच अर्थ असा की वरच्या दोन रेषा एकमेकींपासून इंच-सव्वाइंचावर राहतात आणि खालच्या त्याहून पुष्कळ दूर जातात. डोळ्यास न जाणवणारा, पण पाण्यास पुरेपूर जाणवणारा हा उतार आहे.

वर तीव्र व खाली मंद होत जाणारा हा अंतर्वक्र उतार गाळाच्या पंख्याचा आहे. डोंगरातून बाहेर पडणारे ओढे घळईच्या तोंडाशी जाड वाळूगोटे टाकतात व बारीक गाळ पुढे नेतात. बोझमन नगर अशाच एका पंख्यावर उभे आहे. पंख्याखाली जे जुने, जाड थर आहेत त्यांस या पत्रकाचे भूवैज्ञानिक आल्बर्ट चार्ल्स पील यांनी १८९६ साली ‘बोझमन सरोवरस्तर’ असे नाव दिले. संपूर्ण खोरे एके काळी सरोवराखाली होते, अशी त्यांची कल्पना. पील हे १८७१ सालच्या हेडन यांच्या यलोस्टोन मोहिमेत सामील असलेले अनुभवी निरीक्षक होते, पण हे अनुमान पुढे टिकले नाही. हे थर एका सरोवराचे नसून नद्यांचा गाळ, वाऱ्याने आणलेली धूळ, ज्वालामुखीची राख आणि क्वचित लहान तळी यांनी मिळून साचले, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. १९६३ साली रॉबिन्सन यांनी त्यांस ‘बोझमन गट’ अशी सुधारित संज्ञा दिली. पील यांचे दुसरे काम मात्र चिरस्थायी ठरले. १८९३ साली त्यांनी थ्री फॉर्क्स परिसरातील पुराजीव खडकांना फ्लॅटहेड, गॅलटिन, जेफर्सन, थ्री फॉर्क्स, मॅडिसन ही जी नावे दिली, ती उत्तर रॉकीच्या स्तरविज्ञानात आजही वापरली जातात.

आता पाण्याकडे वळू. बोझमन येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे अठरा इंच पर्जन्य पडतो. खाली बेलग्रेड-मॅनहॅटनकडे त्याहून बराच कमी. पर्वतावर साठलेला हिमवर्षाव वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी वितळून ओढ्यांना येतो. तेव्हा शेतीचा प्रश्न पाणी वर उचलण्याचा नव्हताच. ते योग्य उंचीवरून वळवून उताराच्या आडवे नेण्याचा होता. मैलाला वीस ते सदतीस फूट उतार असलेल्या भूमीवर मैलाला दोन-चार फुटांच्या उताराचा पाट खणला, तर पाणी आपोआप वाहते आणि नदीपासून दूरदूर जात जात अधिकाधिक जमीन आपल्या खालच्या बाजूस घेते. पंख्याचा बहिर्वक्र आडवा छेद येथे उपकारक ठरतो, कारण घळईच्या तोंडाशी काढलेला कालवा दोन्ही अंगांस पाणी देऊ शकतो. पश्चिम गॅलटिनवरील दोन कालव्यांची नावेच ‘हाय लाइन’ व ‘लो लाइन’ अशी आहेत. शेतकऱ्यांनी समोच्चरेषा शिकण्यासाठी भूवैज्ञानिक संस्थेची वाट पाहिली नव्हती. ती त्यांनी फावड्याने जमिनीवर काढली. उलट संस्थेला मात्र नकाशासंग्रहाच्या प्रत्येक खंडाच्या आरंभी डोंगर-नदीचे एक चित्र व त्याखाली त्याच भूमीच्या समोच्चरेषा छापून वाचकास ही लिपी समजावून द्यावी लागत असे.

हे पाणी व ही शेती कोणासाठी होती, याचे उत्तर याच पत्रकाच्या विरुद्ध कोपऱ्यात सापडते. नैर्ऋत्येस, डाव्या समासापाशी, व्हर्जिनिया सिटी आहे. तेथील आल्डर घळईत मे १८६३ मध्ये सोने सापडले आणि डोंगरात अकस्मात हजारो खाणारी तोंडे गोळा झाली. बोझमनची स्थापना झाली १८६४ च्या उन्हाळ्यात. दोन्ही स्थळांत सरळ रेषेत सुमारे पन्नास मैलांचे अंतर, नकाशावर एक वीत-दीड वीत. एका कोपऱ्यात सोने व दुसऱ्यात गहू अशी ही मांडणी आहे. १८६५ ते १८७५ या काळात व्हर्जिनिया सिटी माँटॅना प्रदेशाची राजधानी होती. पुढे सोने ओसरले, वस्ती पांगली, आणि धान्य पिकविणारे गाव मात्र टिकले. पश्चिमेकडील वसाहतीचा इतिहास केवळ सोन्याच्या अंगाने लिहिणाऱ्यांनी हे पत्रक कर्णरेषेत वाचून पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

परंतु बोझमनच्या बाबतीत हे पत्रक एका मोठ्या अडचणीत टाकते. नगराचा मध्य पत्रकाच्या पूर्व सीमेपासून, म्हणजे १११° रेखावृत्तापासून, दोन मैलांहूनही कमी अंतरावर आहे. कागदावर हे अंतर अर्धा इंचही भरत नाही. समासापलीकडे काय राहिले? १८६७ ते १८८६ पर्यंत गावाजवळ असलेले एलिस ठाणे, ज्यातील सैन्य गावच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक होते. ब्रिजर रांगेच्या शिखररेषेचा बहुतेक भाग. आणि बोझमन खिंड, जिच्यातून १८०६ च्या जुलैमध्ये साकाजावियाच्या मार्गदर्शनाखाली विल्यम क्लार्क यलोस्टोनकडे गेला व जिच्याखालून १८८४ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा बोगदा पूर्ण झाला. रेल्वे गावात पोहोचली ती त्याच्या आदल्या वर्षी, १८८३ साली. हे सारे शेजारच्या लिव्हिंगस्टन पत्रकावर आहे, जे त्याच संग्रहाचा पहिला खंड म्हणून १८९४ साली निघाले. केवळ थ्री फॉर्क्स पत्रक पाहणाऱ्यास बोझमन हे खोऱ्याच्या टोकाशी अडगळीत पडलेले गाव भासेल. वास्तविक ते खोरे व खिंड यांच्या सांध्यावर आहे, आणि त्याचे महत्त्व त्या सांध्यामुळेच आहे. पुण्याच्या विद्यार्थ्यास हा अनुभव नवा नाही. १८° ३०′ अक्षवृत्त शहरातून जात असल्यामुळे एक इंची पत्रकांपैकी ४७ एफ/१४ व ४७ एफ/१५ ही दोन्ही शेजारी ठेवल्याविना पुण्याची भूरचना हाती लागत नाही. पत्रकाच्या सीमा अंश व कला यांनी ठरतात, वस्तीच्या सोयीने नव्हे.

नकाशावरील नावांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जुलै १८०५ मध्ये लुईस व क्लार्क यांनी तीन नद्यांच्या संगमाशी पोहोचून त्यांस जेफर्सन, मॅडिसन व गॅलटिन अशी नावे दिली. पहिले राष्ट्राध्यक्ष, दुसरे परराष्ट्रमंत्री, तिसरे अर्थमंत्री. जणू तत्कालीन सरकारच निळ्या रेषांनी कागदावर उतरले. क्रो, ब्लॅकफीट, शोशोनी, सेलिश आदी जमाती या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीस येत. साकाजावियाला लहानपणी हिदात्सा टोळीने पळवून नेले ते याच संगमाच्या परिसरातून. पत्रकाच्या पांढऱ्या भागाला त्यांच्या वहिवाटीची काहीही खूण नाही. मोजणीची आज्ञा ज्या राज्याची, नावेही त्याचीच. याच पत्रकात, विलो क्रीकजवळच्या एका चुनखडकाच्या टेकडीवर, १८६७ साली माँटॅनाच्या जमीनमोजणीचा आरंभबिंदू ठरविण्यात आला. सहा मैलांच्या चौकटी व त्यांतील एक मैलाचे भाग अशी राज्यातील सगळी शेतजमीन त्या बिंदूपासून मोजली गेली आहे. बोझमन त्याच्या पूर्वेस जवळजवळ तीस मैलांवर, पाचव्या व सहाव्या चौकटींच्या सीमेपाशी येते. अशा रीतीने खोऱ्यावर दोन जाळी एकावर एक पडली : सरकारी मोजणीचे काटकोनी जाळे आणि उताराप्रमाणे वळणारे कालव्यांचे. शेताची हद्द पहिल्याने ठरते व शेताचे पीक दुसऱ्याने. पूर्वेकडील दमट मुलखात रूढ झालेली ही चौकट कोरड्या पश्चिमेस जशीच्या तशी लावू नये, जमिनीची वाटणी पाण्याच्या सोयीने व्हावी, अशी पॉवेल यांची १८७८ सालच्या अहवालातील भूमिका होती. ती मान्य झाली नाही.

राहिले महाविद्यालय. ते या पत्रकावर नाही, व असणे शक्यही नव्हते. मोजणी झाली तेव्हा माँटॅना हे राज्यही नव्हते. तो दर्जा त्यास ८ नोव्हेंबर १८८९ रोजी मिळाला. १८९२ साली राजधानीच्या स्थानासाठी झालेल्या मतदानात बोझमनही उमेदवार होते, परंतु अखेरची लढत हेलेना व अनॅकोंडा यांत होऊन १८९४ साली हेलेनाने बाजी मारली. मधल्या काळात, १६ फेब्रुवारी १८९३ रोजी, बोझमनच्या वाट्यास राज्याचे कृषिमहाविद्यालय आले. १८६२ च्या कायद्याने अशा संस्थांस जमिनीचे उत्पन्न आणि १८८७ च्या कायद्याने प्रयोगकेंद्रासाठी निधी मिळत असे. राजधानी हुकल्याचे सांत्वन म्हणून महाविद्यालय मिळाले, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नसेल, पण अपुरे आहे. प्रयोगकेंद्रास जे लागते, म्हणजे बागायत व कोरडवाहू जमीन एकाच आवारात, पर्जन्यमानातील फरक थोड्या अंतरात आणि रेल्वेची सोय, ते सर्व याच पंख्यावर एकत्र उपलब्ध होते. याच महाविद्यालयाचे १९६५ साली माँटॅना राज्य विद्यापीठ असे नामांतर झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून निघालेल्या १ : २४,००० प्रमाणाच्या पत्रकांवर विद्यापीठाच्या इमारती वेगवेगळ्या ओळखता येतात, आणि दाट वस्तीचा भाग फिकट लाल छटेने भरलेला आढळतो.

या छटेचा विस्तार हाच खोऱ्यापुढील आजचा प्रश्न आहे. २०२० च्या जनगणनेत बोझमनची लोकसंख्या ५३,२९३ भरली. १८९० साली ती दोन हजारांच्या आसपास होती. नवी घरे पुष्कळ अंशी ओलिताच्या जमिनीवर उभी राहिली. येथे सर्वेक्षण संस्थेनेच १९६० साली प्रसिद्ध केलेल्या गॅलटिन खोऱ्याच्या भूजलविषयक अहवालाची आठवण होते. कालव्यांतून व भिजवलेल्या शेतांतून झिरपणारे पाणी हे येथील भूजलाच्या भरणाचे एक प्रमुख साधन आहे, असे त्यात दाखविले आहे. पाटातून ‘वाया जाणारे’ म्हणून ज्याची हळहळ केली जाते, तेच पाणी खालच्या विहिरींत व झऱ्यांत पुन्हा येते. शेत गेले व पाट बुजला की झिरपणेही जाते. नव्या घरांच्या विहिरी मात्र त्याच साठ्यावर चालतात. मिसूरीच्या या वरच्या खोऱ्यात नव्या पाणीहक्कांची वाट १९९३ साली कायद्याने बहुतांशी बंद झाली, पण लहान विहिरींना परवान्यातून सूट राहिली आणि वादाचे मूळ त्या सवलतीत आहे. वरच्या अंगास, म्हणजे ४,८०० व ४,६०० फुटांच्या रेषांदरम्यान, भरण घटले तर त्याचे परिणाम ४,२०० फुटांच्या रेषेपाशी प्रथम दिसतील की मधेच बेलग्रेडच्या परिसरात, हा संशोधनाचा चांगला विषय आहे.

त्यासाठी एक स्थान सोयीचे आहे. मॅनहॅटनच्या खाली लोगन येथे हॉर्सशू टेकड्यांचा पुराजीव चुनखडक खोऱ्याचे तोंड आवळतो. पील यांनी नाव दिलेलेच खडक तेथे उघडे पडले आहेत. या अरुंद दारातून गॅलटिन नदी बाहेर पडते आणि भूजलाचा प्रवाहही तेथेच पृष्ठभागाकडे ढकलला जातो. नदीच्या विसर्गाचे मोजमाप येथे होत आले आहे. कालव्यांच्या तोंडाशी घेतलेले पाणी व लोगन येथून बाहेर पडणारे पाणी यांच्या फरकातून खोऱ्याचा जमाखर्च मांडता येतो, आणि त्या जमाखर्चाची जागा दाखविणारी सर्वांत जुनी पत्रके म्हणजे ही दोन भूपत्रके होत. अमेरिकी संस्थेने आपल्या जुन्या स्थलदर्शक नकाशांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या आहेत. थ्री फॉर्क्स पत्रक मागविताना लिव्हिंगस्टन पत्रकही सोबत घ्यावे, १११° रेखावृत्तावर दोहोंची तोंडमिळवणी करावी, आणि मगच ४,८०० फुटांची रेषा बोझमनमधून पूर्वेस कोठे जाते ते पाहावे.